कोऱ्या नमुन्याला सात गुण

हमस नावाच्या अरबी चटणीला फक्त पाच वस्तू लागतात: काबुली चणे, तीळ, लिंबू, लसूण आणि मीठ. हे वाक्य मी तीन निरनिराळ्या ठिकाणी वाचलं. तिन्ही लिहिणाऱ्यांचा सूर इतका निर्धास्त होता की त्यांच्या घरी सासूबाई, मिक्सर आणि सोसायटीचे सेक्रेटरी यांपैकी काहीच नसावं, असा माझा अंदाज आहे.

मी पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करते. शहरभरच्या नळांचं पाणी बाटल्यांतून आमच्याकडे येतं आणि त्यात काय आहे, काय असायला नको होतं, ते आम्ही लिहून देतो. या कामाने माणसाला दोन सवयी लागतात. दिसेल त्या बाटलीवर चिठ्ठी लावायची, आणि कुणी काही सांगितलं तर मोजून पाहिल्याशिवाय मान डोलवायची नाही. पहिल्या सवयीने मला या प्रकरणात गोत्यात आणलं. दुसरी मी बावीस वर्षं चपलांबरोबर दाराबाहेर काढून ठेवत आले होते.

माझ्या सासूबाई मुख्याध्यापिका होत्या. निवृत्त होऊन त्यांना चौदा वर्षं झाली, पण तपासणी थांबली नाही. पेपरांच्या जागी माझा स्वयंपाक आला इतकंच. "भाजी घाईत केलेली दिसते." "हे मीठ विचार करून घातलंस का?" शाळेत त्यांनी दहापैकी सहाच्या वर कधी कुणाला गुण दिले नाहीत. "सात पुस्तक लिहिणाऱ्याचे, आठ देवाचे," असं त्या म्हणत, "आणि देवाचाही अभ्यास हल्ली कच्चा वाटतो." माझी मजल त्यांच्याकडे साडेचारपर्यंत गेली असावी. कधी विचारलं नाही. अंदाजावर जगणं बरं असतं.

तीन महिन्यांपूर्वी त्यांना ताप आला. पंधरा दिवसांनी तो गेला, पण जाताना सात किलो वजन घेऊन गेला. हिरड्या आक्रसल्या, कवळी सैल झाली आणि बोलताना ती एक शब्द मागे राहू लागली. आणखी एक बदल झाला. त्या माझ्या स्वयंपाकाला छान म्हणू लागल्या.

दोन चमचे खायच्या, "छान आहे" म्हणायच्या आणि वाटी बाजूला सारायच्या. "आजारपणाने आई किती मवाळ झाली बघ," नवरा म्हणाला. खरं सांगायचं तर मला ते आवडत होतं. ज्या दाराशी बावीस वर्षं उभं राहिलं ते दार एक दिवस उघडलं, तर आतून कडी कुणी काढली हे कोण विचारत बसतं? मी प्रत्येक 'छान' जपून ठेवत गेले, आणि वाटीतलं अन्न तसंच राहत गेलं.

डॉक्टरांनी वजनकाट्याकडे पाहिलं. "एक्केचाळीस. चाळीसच्या खाली गेलं तर नाकातून नळी घालून अन्न द्यावं लागेल."

"नळी बागेला लावतात," सासूबाई म्हणाल्या.

"सहा आठवडे देतो, आजी."

त्यांनी मला एक छापील यादी दिली. चावायला न लागणारे, प्रथिनं असणारे अकरा पदार्थ. दहा दिवसांत दहा झाले. दहाही छान होते आणि दहाही दोन चमच्यांवर थांबले. अकरावं नाव हमसचं होतं.

पहिल्या रात्री एक किलो चणे भिजत घातले. भिजलेला चणा दुपटीहून जास्त फुगतो, हे मला दहावीपासून ठाऊक आहे. ते पातेल्याला ठाऊक नव्हतं. सकाळी झाकण चार बोटं वर उचललेलं होतं आणि ओट्यावर चणे मोकळे हिंडत होते. मग सोडा. चिमूटभर सोड्याने चण्याची सालं सैल होतात, म्हणून मी तो मोजून घातला आणि अंघोळीला गेले. तेवढ्यात नवऱ्याने झाकण उघडून पाहिलं, चणे त्याला घट्ट वाटले, आणि मदत म्हणून त्याने एक मोठा चमचा सोडा वर टाकला. मी बाहेर आले तेव्हा शेगडी फेसाखाली होती आणि तो फेसाकडे कौतुकाने बघत होता.

"होतंय ना मऊ?" त्याने विचारलं.

उरलेले चणे गरम असतानाच मी मिक्सरला लावले. सगळीकडे लिहिलं होतं की पाणी हळूहळू घाला, पण हळूहळू म्हणजे मिनिटाला किती ते कुणी लिहिलं नव्हतं. मिक्सर थोडा घरघरला, त्यातून रबर जळाल्याचा वास आला आणि तो गेला.

वरच्या मजल्यावर एक निवृत्त मेकॅनिक राहतात. इमारतीतल्या बंद पडलेल्या वस्तूंची बातमी त्यांना मालकाच्या आधी कळते. ते स्वतःच खाली आले, मिक्सर बगलेत मारून घेऊन गेले आणि दुसऱ्या दिवशी परत घेऊन आले. बरोबर एक स्क्रू होता.

"हा उरला," ते म्हणाले.

"उरला म्हणजे?"

"कंपनीने जास्तीचा दिला होता, वहिनी. मोटार आता जन्मात जाणार नाही. आवाज थोडा वाढेल."

थोडा म्हणजे किती, हेही त्यांनी सांगितलं नाही. मिक्सर चालू केला की समोरच्या इमारतीतल्या खिडक्या उघडत.

समोरच्या दारातल्या काकूंकडे मात्र सल्ले होते. "अगं, चणे पंच्यात घे आणि चोळ, सालं आपोआप निघतात." निघाली, पंच्याला चिकटली, आणि पंचा पुढचे तीन दिवस चण्याची सालं अंगाला लावत राहिला. "लसूण कच्चा घालू नकोस, रात्रभर डोकं धरून बसशील." हा सल्ला निम्मा बरोबर होता. चिरलेला लसूण लिंबाच्या रसात दहा मिनिटं ठेवला की त्याचा उग्रपणा वाढायचा थांबतो. आम्लात उग्रपणा तयार करणाऱ्या रसायनाचं काही चालत नाही. मी हे काकूंना समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या, "तेच तर म्हणतेय मी."

चौथ्या खेपेला हमस जमला. तीळ मंद भाजून वाटलेले, पाणी बर्फाचं, लिंबू दोन हप्त्यांत. मऊ, पांढुरका, चमच्यावरून सावकाश घसरणारा. सासूबाईंनी दोन चमचे खाल्ले. "छान आहे." वाटी बाजूला.

तेव्हा मला पहिली आणि शेवटची अक्कल सुचली. रुग्ण म्हणून त्या दोन चमच्यांवर थांबतात; परीक्षक म्हणून थांबल्या नसत्या. मी हमसचे सहा भाग केले. साधा, लसणाचा, जिऱ्याचा, भाजलेल्या ढोबळ्या मिरचीचा, बिटाचा आणि पुदिन्याचा. सहा बरण्या, सहा चिठ्ठ्या: नमुना क्रमांक, तुकडी (म्हणजे बॅच), तयार केल्याची वेळ. एक वही आणि लाल पेन त्यांच्यासमोर ठेवलं.

"आई, दहापैकी गुण द्यायचेत. मला कळत नाहीये कुठला बरा."

त्यांनी चष्मा लावला. पाठ ताठ केली. प्रत्येक बरणीतला एकेक चमचा खाल्ला आणि प्रत्येकापुढे आकडा लिहिला. सहा चमचे! मी वही उघडली. सात. सात. सात. सात. सात. सात.

पुस्तक लिहिणाऱ्याचे सात! मी त्या दिवशी कामावर जाताना जिन्यातच गुणगुणत होते, असं काकू सांगतात.

रोज संध्याकाळी परीक्षा सुरू झाली. काट्याने खाली जायचं थांबवलं. आमच्या फ्रिजमध्ये बरण्या मावेनात, म्हणून डझनभर बरण्या समोरच्या काकूंच्या फ्रिजमध्ये ठेवल्या. काकूंनी त्या येणाऱ्या-जाणाऱ्यांना अभिमानाने दाखवल्या. आठवड्याने दारावर नोटीस लागली.

'सदर सदनिकेत विनापरवाना खाद्यपदार्थनिर्मिती सुरू असून तुकडी क्रमांक असलेला माल शेजारील सदनिकेत साठवल्याचे व यंत्रांचा आवाज होत असल्याचे निदर्शनास आले आहे. व्यवसाय करीत नसल्याचा शासकीय दाखला सात दिवसांत सादर करावा.'

मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून परवान्यांच्या कार्यालयात गेले. खिडकीतल्या कारकुनाने माझं म्हणणं दोनदा ऐकलं.

"व्यवसाय बंद केल्याचा दाखला देतो आम्ही," तो म्हणाला. "नसल्याचा देत नाही."

"पण मी बंद काय करू? सुरूच नाही."

"मग आधी सुरू करा. परवाना घ्या, मग रद्द करा. सगळ्यात सोपं तेच."

"परवान्याला काय लागतं?"

"बाकी किरकोळ आहे. स्वयंपाकघरातल्या पाण्याचा तपासणी अहवाल तेवढा महत्त्वाचा." त्याने चिठ्ठीवर पत्ता लिहून दिला. "इथे मिळेल. मागच्या बाजूला, जाळीच्या दाराजवळ. तिथे एक मॅडम बसतात. फार वेळ लावतात, पण पर्याय नाही."

ते माझं टेबल होतं. मी चिठ्ठीची नीट घडी केली, आभार मानले आणि निघाले. स्वतःच्या घरचं पाणी स्वतः तपासायचं नाही असा आमच्याकडे नियम आहे, आणि दुसरं कुणी ते तपासत नाही कारण ते काम माझं आहे. बसमध्ये बसल्यावर मला त्या 'फार वेळ लावतात'चं जास्त वाईट वाटलं. अचूकतेला वेळ लागतो, पण हे खिडकीपलीकडे कुणाला सांगणार?

इकडे वहीत साठ आकडे झाले होते आणि साठही सातच होते. आनंद ओसरल्यावर मला त्यात अडचण दिसू लागली. सगळ्यांना सात असतील तर सर्वात बरा कुठला? बीट आणि लसूण यांच्यात अर्ध्या गुणाचाही फरक पडू नये? आमच्याकडे अशा वेळी ओळीत एक कोरा नमुना ठेवतात. म्हणजे शुद्ध पाणी, ज्यात शोधायचं असं काही नाही. त्यावर आकडा शून्य यायला हवा. मी संशयाने ठेवला असं म्हणणार नाही. हात सवयीने गेला. उकडलेले चणे नुसत्या पाण्यात वाटले. मीठ नाही, लिंबू नाही, तीळ नाहीत, काही नाही. बरणीवर चिठ्ठी लावली: क्रमांक सात.

त्या संध्याकाळी सासूबाईंनी ओळीने सात चमचे खाल्ले आणि सातव्यापुढे लिहिलं: सात.

कोऱ्या नमुन्यावर आकडा आला की आम्ही दोनच गोष्टी धरतो. उपकरण बिघडलंय, नाहीतर कुणीतरी घरी बसून आकडे लिहितंय. मी वहीकडे बघत उभी राहिले आणि तेवढ्यात दाराची घंटा वाजली.

सेक्रेटरी पाहणीला आले होते. हातात फाईल, कानावर पेन. त्यांनी बरण्या मोजल्या, चिठ्ठ्या वाचल्या, मिक्सरकडे लांबून पाहिलं.

"मालाची पाहणी करावी लागेल," ते म्हणाले, आणि टेबलावरचा स्वच्छ चमचा उचलून त्यांनी सर्वात जवळची बरणी गाठली. सासूबाईंसमोरची. क्रमांक सात.

त्यांचा चेहरा हळूहळू थांबला.

"मॅडम, यात मीठ नाहीये."

"हो का," मी म्हणाले.

"मीठ नाही, आंबट नाही, काहीच नाही. ओला खडू खाल्ल्यासारखं लागतंय." मग त्यांची नजर वहीवर गेली. "आणि आजींनी याला सात दिलेत?"

सासूबाईंनी लाल पेनाचं टोपण लावलं. ते पहिल्यांदा बसलं नाही, दुसऱ्यांदा बसलं.

"मीठ मला बंद आहे," त्या म्हणाल्या. कवळी एक शब्द मागे राहिली, पण आवाज शाळेतला होता. "आणि दुसऱ्याच्या वहीत डोकावू नये, हे तुम्हाला कुणी शिकवलं नाही वाटतं?"

"सॉरी, बाई," सेक्रेटरी म्हणाले, आणि ते फाईल छातीशी धरून गेले. ते त्यांच्या शाळेत कधी नव्हते, तरीही बाई म्हणाले.

दार लागल्यावर मी बरण्यांची झाकणं लावू लागले. हातांना काम असलं की बरं.

"कधी कळलं तुला?" सासूबाईंनी विचारलं.

"आत्ताच. ते यायच्या दोन मिनिटं आधी."

"मुद्दाम ठेवलंस ते सातवं."

"सवयीने ठेवलं."

"लबाड," त्या म्हणाल्या, पण रागाने नाही. मग चष्मा काढून ठेवत, "ताप उतरला त्या दिवसापासून. पहिल्या घासाला वाटलं, तू मीठ विसरलीस. बोलणारच होते. मग चहा घेतला, तर त्यात साखर नाही. एखादी वस्तू तू विसरशील, पण एका दिवशी दोन्ही विसरण्याइतकी वेंधळी तू नाहीस. तेव्हा कळलं की माझंच काहीतरी गेलंय."

बावीस वर्षांतलं माझं पहिलं खरं कौतुक हे होतं, हे माझ्या लक्षात यायला थोडा वेळ लागला.

"मग सांगितलं का नाही? डॉक्टरांना तरी?"

"सांगून काय झालं असतं? तुम्ही माझ्या ताटात काहीही वाढलं असतंत. हिला काय कळतंय, म्हणाला असतात."

"आई!"

"म्हणाला नसतात. पण मला तसं वाटलं असतं." त्यांनी वही बंद केली. "आयुष्यभर लोकांच्या चुका काढल्या मी. घरी येऊन तुझ्या काढल्या. चव गेली म्हटल्यावर या घरात मला काम काय उरलं? आणि छान म्हणायला काही लागत नाही बघ. खोटं 'छान' कुणालाही म्हणता येतं. चूक खोटी काढता येत नाही. तिला चव लागते."

माझे साठ सात गेले होते. गंमत म्हणजे मला त्यांचं दुःख झालं, आणि तेही अशा वेळी, जेव्हा समोर एक्केचाळीस किलोची बाई बसली होती. माणूस किती क्षुद्र असतो, हे मोजायला आमच्याकडे उपकरण नाही. मी त्या सातांना निरोप दिला आणि खुर्ची ओढून बसले.

"आई, हे सातवं जिभेवर कसं लागतं? चव सोडा. नुसतं कसं लागतं?"

त्यांनी संशयाने पाहिलं. चमचा घेतला. डोळे मिटले.

"कोरडं. टाळूला चिकटतं. पुढे सरकतच नाही."

"आणि पहिलं?"

"ते सरकतं." आणखी अर्धा चमचा. "पण दाणे आहेत. सालं राहिलीत."

"सालं मी काढली होती."

"सगळी नाही काढलीस," सासूबाई म्हणाल्या. "घाईत केलेलं दिसतं."

मी मान खाली घालून पुदिन्याची बरणी पुढे केली. माझे डोळे का भरून आले, हे त्यांनी विचारलं नाही. त्यांना बहुधा लसूण वाटला असावा.

डॉक्टरांना सगळं सांगितलं. त्यांनी एक औषध बदललं आणि म्हणाले की चव येईल किंवा येणार नाही, वाट बघू. आम्ही वाट बघत बसलो नाही. वहीत नवे रकाने आखले: गुळगुळीतपणा, ओलावा, गारवा, तिखटाची आग. "चव हा एक विषय झाला," सासूबाई म्हणाल्या. "एका विषयात गैरहजर म्हणून कुणी शाळा सोडत नाही." पहिल्या दिवशी बिटाला तीन मिळाले, जिऱ्याला दोन, आणि शेरा: 'वाळूत वाटले काय?' लसणाच्या बरणीला चार, पण अक्षरावरून ते नाइलाजाने दिलेले दिसत होते. मग त्या स्वतःच टेबलाशी येऊन चणे सोलू लागल्या. एकेक दाणा दोन बोटांत धरून दाबायचा, साल मागे राहते, दाणा टुणकन वाडग्यात. कधी नवऱ्याच्या चष्म्यावर. तो आमच्याबरोबर बसायचा, पण सोड्याचा डबा आम्ही कपाटात कुलूप लावून ठेवला होता.

सोसायटीचं पत्र आलं तेव्हाही आम्ही सोलतच होतो. नवऱ्याने मोठ्याने वाचलं.

'सेक्रेटरींनी सदर पदार्थाची प्रत्यक्ष चव घेतली असता तो कोणीही विकत घेण्याजोगा नसल्याचे आढळले. सबब व्यवसायाची शक्यता दिसून येत नाही. प्रकरण निकाली काढण्यात येत आहे. मिक्सर मात्र दुपारी वापरावा.'

जो दाखला सरकार देऊ शकलं नव्हतं, तो मला अशा रीतीने मिळाला. एका कोऱ्या नमुन्यावरून माझ्या उरलेल्या साठ नमुन्यांची बेअब्रू झाली, आणि त्यावर अपील करावं तर पुन्हा नोटीस. मी पत्र फाईलला लावलं. सासूबाईंनी ते मागून घेतलं, लाल पेनाने दोन अनुस्वार दुरुस्त केले आणि परत दिलं.

सहा आठवडे पुरे झाले त्या दिवशी काटा बेचाळीसला दोनशे ग्रॅम कमी होता. डॉक्टर नळीबद्दल काही बोलले नाहीत. सासूबाई बोलल्या, पण ते बागेबद्दल होतं.

त्या संध्याकाळी मी पुन्हा सात बरण्या मांडल्या. कुठली कोरी, ते या खेपेलाही चिठ्ठीवर लिहिलं नाही आणि चेहऱ्यावरही दिसू दिलं नाही. त्या एकेक चमचा घेत गेल्या. साधा पाच. ("साडेपाच देणार होते, पण तू लगेच शेफारशील.") पुदिना चार. मिरची चार. चौथ्या बरणीशी त्या थांबल्या. चमचा तोंडात तसाच राहिला. माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं. मग त्यांनी वहीत भलंमोठं शून्य काढलं, त्याच्याखाली दोन रेघा मारल्या आणि वही माझ्याकडे सरकवली.

"यात तीळ नाहीत. सरकत नाही. परत माझ्यावर असला प्रकार करायचा नाही."

"नाही करणार," मी म्हणाले. ते शून्य मी बराच वेळ पाहत राहिले. प्रयोगशाळेतली सगळी वर्षं धरली, तरी इतकं सुंदर शून्य माझ्या नोंदींत नव्हतं.

मी ती बरणी उचलायला हात पुढे केला. सासूबाईंनी ती स्वतःकडे ओढली आणि चमचा पुन्हा आत घातला.

"आई, राहू दे ना. शून्य दिलंत तुम्ही त्याला."

"म्हणून काय झालं?" त्या दुसरा घास गिळत म्हणाल्या. "नापास मुलाचा पेपरसुद्धा शेवटपर्यंत तपासायचा असतो."